'राइट ऑफ' म्हणजे माफी नव्हे

इचलकरंजीचे एक यंत्रमागधारक आमच्या जुन्या परिचयाचे आहेत. मजुरीवर कापड विणून देणारे, म्हणजे तिकडच्या भाषेत खर्चीवाले. आठ माग घेण्यासाठी त्यांनी बँकेचे कर्ज काढले होते. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले, हप्ते थकले आणि पुढे थकतच गेले. काही वर्षांनी दुसरीकडून थोडे भांडवल मिळते का हे पाहण्यासाठी त्यांनी आपला पतअहवाल काढविला. त्या अहवालात जुन्या कर्जासमोर इंग्रजीत दोनच शब्द होते : 'रिटन ऑफ'. घरात कॉलेजात शिकणारा मुलगा. त्याने शब्दकोश उघडला. 'राइट ऑफ : टू कॅन्सल अ डेट', म्हणजे कर्ज रद्द करणे, असा अर्थ त्याला मिळाला. वडिलांनी शुक्राची दोन रकात नमाज अदा केली. शेजारीपाजारी मिठाई गेली. आणि साधारण तीन महिन्यांनी बँकेच्या वकिलाची वसुलीची नोटीस दारात आली.

"शब्दकोश खोटा आहे की बँक खोटी आहे?" असे त्यांनी आम्हाला विचारले. उत्तर असे की दोघेही खरे आहेत. शब्दकोशात जो अर्थ पहिला छापलेला असतो तोच अर्थ बँकेच्या कागदावर असतो असे नाही, एवढीच गोष्ट त्या मुलाला कोणी सांगितली नव्हती. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी अनेकांची हीच अडचण आहे. बोलण्यापुरते इंग्रजी येते. बँकेचा, विम्याचा, कराचा कागद आला की दोन छोटे शब्द घात करतात. म्हणून या वेळी या एकाच शब्दजोडीचा हिशेब मांडावा असे आम्ही ठरविले.

प्रथम शब्द नीट पाहू. देवनागरीत लिहिताना 'राइट' एकच दिसतो, पण इंग्रजीत 'बरोबर' किंवा 'हक्क' या अर्थाचा राइट निराळा आणि 'लिहिणे' या अर्थाचा निराळा. येथे दुसरा घ्यायचा, ज्याच्या आरंभी उच्चार न होणारा डब्ल्यू असतो. 'ऑफ'च्या स्पेलिंगमध्ये एफ दोन. पुष्कळ मुनीम पत्रात एकच एफ लिहितात, त्याने वाक्य अर्थहीन होते.

एका क्रियापदाला छोटा शब्द जोडून नवा अर्थ काढण्याची इंग्रजांची ही रीत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. आपण मराठीत तेच करतो, फक्त छोट्या शब्दाऐवजी दुसरे क्रियापद जोडतो. 'सोडणे' आणि 'सोडून देणे' यांत फरक आहे. 'बोलणे' निराळे, 'बोलून टाकणे' निराळे. 'देणे' आणि 'टाकणे' यांचे मूळ अर्थ तेथे शोधत बसलो तर हाती काही लागत नाही. तसेच 'राइट'चे आहे. नुसते राइट म्हणजे लिहिणे. राइट डाउन म्हणजे टिपून घेणे, आणि हिशेबात एखाद्या मालाची किंमत कमी करून लिहिणे. राइट बॅक म्हणजे पूर्वी खर्ची टाकलेली किंवा देणे दाखविलेली रक्कम परत उत्पन्नात आणणे. आणि राइट ऑफ म्हणजे वहीत लिहूनच एखादी रक्कम वहीतल्या जमेच्या बाजूतून काढून टाकणे. मराठी व्यापाऱ्याकडे यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे : बुडीत खाती टाकणे. सरकारी मराठीत 'निर्लेखित करणे' म्हणतात. तो शब्द कानाला जड आहे खरा, पण त्यात 'लेख' आहे, आणि सारे मर्म तेथेच आहे. ही वहीतली क्रिया आहे. ज्याची वही, त्याने आपल्या वहीत केलेली.

याचे उदाहरण खुद्द मागाचे घ्या. कारखानदार दरवर्षी मागाची झीज, म्हणजे घसारा, खर्ची टाकतो. काही वर्षांनी वहीत त्या मागाची किंमत नावापुरती उरते. इंग्रजीत म्हणतात, 'द लूम हॅज बीन रिटन ऑफ.' म्हणून माग शेडमधून नाहीसा झाला काय? तो सकाळी सातला सुरू होऊन खडखडतोच आहे, कापड देतोच आहे. वहीने फक्त एवढेच म्हटले की यापुढे याला मालमत्ता म्हणून मोजणार नाही. कर्जाचेही असेच होते.

बँकेची पद्धत अशी. हप्ते थकले की कर्ज अनुत्पादक ठरते. बँकेला आपल्या नफ्यातून त्या कर्जापोटी तरतूद करावी लागते. तरतूद पूर्ण झाली, सर्वसाधारणपणे चार वर्षांचा काळ गेला, की बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. ताळेबंद स्वच्छ दिसतो, कराचा लाभ मिळतो. कर्जदाराच्या नावचे खाते मात्र शाखेत जसेच्या तसे राहते. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडी आणि तांत्रिक राइट-ऑफ यांविषयी जे परिपत्रक काढले त्यात ही गोष्ट स्पष्ट आहे : तांत्रिक राइट-ऑफ फक्त हिशेबापुरता असतो, त्यात कर्जदारावरचा कोणताही दावा सोडलेला नसतो, आणि वसुलीचा हक्क अबाधित राहतो.

वर्तमानपत्रे यात आणखी घोळ घालतात. मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जे राइट ऑफ केली. या आकड्यांच्या बातम्यांवर मथळा पडतो 'माफ'. मोठ्या उद्योगपतींची बडी कर्जे वसूल करण्यात बँका किती कसूर करतात हा रास्त प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण मथळ्यातल्या 'माफ' शब्दामुळे सामान्य यंत्रमागधारक आपलेही तसेच माफ झाले असे समजतो, हे नुकसान कोणाच्या ध्यानी येत नाही. खरी कर्जमाफी म्हणजे २००८ ची केंद्राची शेतकरी कर्जमाफी, किंवा महाराष्ट्र सरकारची २०१७ आणि २०१९ ची शेतकऱ्यांसाठीची योजना. तेथे इंग्रजीत शब्द येतो 'वेव्हर', आणि क्रियापद 'वेव्ह'. पत्रात हा शब्द असेल, किंवा 'रिलीज', 'डिस्चार्ज' हे शब्द असतील, आणि सोबत 'नो ड्यूज सर्टिफिकेट' मिळाले असेल, तरच देणे संपले असे धरावे.

पतअहवालातले इतर शब्दही पाहून ठेवावेत. 'क्लोज्ड' म्हणजे खाते रीतसर बंद. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीने, पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन मिटविलेले. हा शब्द दिसायला सोज्वळ असला तरी पुढचा सावकार तो पाहून हात आखडतो. राइट ऑफ झाल्यानंतर तडजोड झाली तर तसा वेगळा शेरा येतो. या तिघांत 'रिटन ऑफ' सर्वांत वाईट, आणि आपल्या मित्राने मिठाई वाटली ती नेमकी त्यावर!

आता बाजू पालटून पाहू, कारण आपल्यापैकी बहुतेकजण देणेकरी असतात तसे येणेकरीही असतात. कापड, चामडे, लाकूड, मसाला, काहीही विका, उधारी चुकत नाही. ती बुडते तेव्हा राइट ऑफ करणारा हात आपला असतो.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात, कलम ३६ खाली, बुडीत येण्याची वजावट मिळत असे. त्यात एक मोठा फरक १ एप्रिल १९८९ पासून झाला. त्यापूर्वी व्यापाऱ्याला रक्कम खरोखर बुडाली हे सिद्ध करावे लागे. अधिकारी विचारी, दावा का लावला नाही, जप्ती का आणली नाही. त्यानंतर 'रिटन ऑफ अॅज इररिकव्हरेबल', म्हणजे वसूल न होणारी म्हणून वहीत राइट ऑफ केलेली असणे, एवढी अट राहिली. टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरविले : वहीत राइट ऑफ केले की पुरे, बुडाल्याचा पुरावा द्यायला नको. २०२५ साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा केला आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावा असे ठरले. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आपल्या सल्लागाराकडून नवा क्रमांक विचारून घ्यावा.

दोन शब्दांवर किती अवलंबून आहे ते पाहा. नोंद केलीच नाही, नुसते मनात 'गेले ते पैसे' म्हटले, तर वजावट नाही. शिवाय ती रक्कम पूर्वी कधी तरी विक्री म्हणून आपल्या उत्पन्नात धरलेली असली पाहिजे. मेहुण्याला हातउसने दिलेले पन्नास हजार बुडाले तर तो व्यापारातला बुडीत व्यवहार ठरत नाही, कितीही वेळा वहीत लिहा. जे लहान दुकानदार उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर अंदाजी नफा दाखवून कर भरतात त्यांनाही ही वजावट निराळी मिळत नाही, कारण ती त्या टक्क्यांत धरलेलीच असते. आणि राइट ऑफ केलेली उधारी पुढे वसूल झाली, तर ज्या वर्षी पैसे आले त्या वर्षीचे ते उत्पन्न होते. कायदाच येथे कबूल करतो की राइट ऑफ केलेले येणे परत येऊ शकते. म्हणजे ते मेलेले नव्हते.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत व्यापाऱ्याची कोंडी आहे. माल उधारीवर दिला, बिलावर कर भरला, गिऱ्हाईक बुडवून गेले. मुद्दल राइट ऑफ करता येते, भरलेला कर परत मिळत नाही. क्रेडिट नोट काढावी तर कायद्यात त्यासाठी जी कारणे दिली आहेत, माल परत येणे, माल सदोष निघणे, कर जास्त लागणे, त्यांत 'पैसे बुडाले' हे कारण नाही. ही तक्रार व्यापारी संघटनांनी पुन:पुन्हा करावी अशीच आहे.

याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आपले दोन शब्द चक्क छापलेले आहेत. हरविलेला, चोरीस गेलेला, नष्ट झालेला, 'रिटन ऑफ' केलेला किंवा भेट म्हणून दिलेला माल, यावर पूर्वी घेतलेले कराचे क्रेडिट परत करावे लागते. आता कल्पना करा. गोदामात जुन्या फॅशनच्या चपलांचे शंभर जोड पडून आहेत. मुनीम वर्षअखेरीस वही नीटनेटकी करायची म्हणून ते जोड राइट ऑफ करतो. त्या एका ओळीने खरेदीवरचे क्रेडिट गेले. तेच जोड पडेल भावाने विकून टाकले असते, किंवा वहीत फक्त किंमत उतरवून ठेवली असती, तर गोष्ट निराळी झाली असती. राइट ऑफ आणि राइट डाउन यांतल्या फरकाची किंमत येथे रोख मोजावी लागते.

विम्यातही हा शब्द भेटतो. अपघातात टेम्पो चक्काचूर झाला तर इंग्रज म्हणतो, 'द व्हॅन इज अ राइट-ऑफ.' येथे तो नाम म्हणून येतो, मध्ये आडवी रेघ देतात आणि जोर पहिल्या शब्दावर पडतो. आपल्याकडे विमा कंपन्या 'टोटल लॉस' म्हणतात, आणि दुरुस्तीचा खर्च विमा उतरविलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी तशी धरण्याचा प्रघात आहे.

वापराचे व्याकरण थोडक्यात सांगतो. 'राइट ऑफ द डेट' आणि 'राइट द डेट ऑफ' दोन्ही चालतात. पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते : 'राइट इट ऑफ'. 'राइट ऑफ इट' चूक. (कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी उच्चारू नये.) माणसाच्या बाबतीत 'डोन्ट राइट हिम ऑफ' म्हणजे त्याला कामातून गेलेला समजू नका. जुन्या विलायती पत्रव्यवहारात 'राइट ऑफ फॉर अ कॅटलॉग' असेही मिळते. त्याचा अर्थ पत्र पाठवून सूचीपत्र मागविणे, तेथे कर्जाचा काही संबंध नाही. 'पे ऑफ' म्हणजे पैसे देऊन फेडणे, 'सेट ऑफ' म्हणजे वळते करून घेणे. तुमच्या ठेवीतून बँकेने थकबाकी कापली तर ते सेट ऑफ. असो.

आता ज्या भागासाठी हा लेख मुख्यतः लिहिला तो. लिहिणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी पवित्र कुरआनात एकाच ठिकाणी शेजारी शेजारी आल्या आहेत. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत. तिच्या दोनच आयती आधी, २८० व्या आयतीत, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलेत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले, असा आशय आहे. सवड देणे निराळे, सोडून देणे निराळे. आयतीत दोन्ही वेगवेगळे सांगितले आहेत. वहीत बुडीत खाती टाकणे हे या दोहोंपैकी काहीच नव्हे.

बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग आहे. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांचे इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे येणे होते. मशिदीतच मागणी झाली आणि आवाज चढले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना ते घरात ऐकू गेले. पडदा सारून त्यांनी कअब यांना हाक दिली आणि हाताने खूण केली की अर्धे सोडून द्या. कअब म्हणाले, सोडले. मग प्रेषितांनी (स.) देणेकऱ्याला सांगितले, ऊठ आणि बाकीचे दे. आजच्या भाषेत ही तडजोड. तीत सोडलेली रक्कम येणेकऱ्याने तोंडाने, देणेकऱ्याच्या समोर, स्पष्ट सोडली आणि उरलेली तेथल्या तेथे देणे लागू राहिली. कोणी कोणाच्या मनातले ओळखायचे नव्हते. आपला १८७२ चा करार कायदाही कलम ६३ मध्ये येणेकऱ्याला आपले येणे पूर्ण किंवा अंशतः सोडून देण्याची मुभा देतो, आणि त्यासाठी बदल्यात काही मिळालेच पाहिजे असेही नाही.

म्हणून जो व्यापारी गरीब देणेकऱ्याला खरोखर माफ करू इच्छितो त्याने केवळ मुनिमाला सांगून थांबू नये. त्या माणसाला कळवावे, जमल्यास दोन ओळी लिहून द्याव्यात. नाही तर तो बिचारा तोंड चुकवीत राहतो, दुकानासमोरून जाण्याऐवजी मागच्या गल्लीने जातो, आणि आपल्या वहीत मात्र तो केव्हाच निकाली निघालेला असतो. उलट, ज्याने माफ केलेले नाही, फक्त कराच्या सोयीसाठी राइट ऑफ केले आहे, त्याने मागणीचा हक्क गमावलेला नाही. मात्र विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी कबुली दिली तर मुदत नव्याने मोजली जाते, हे विसरू नये. मुदत गेली तर कोर्टाचा दरवाजा बंद होतो. कर्ज संपत नाही. अल्लाहसमोर तर नाहीच. वारसांनी वाटणीपूर्वी मयताचे कर्ज फेडायचे असते, आणि बँकेच्या अहवालात 'रिटन ऑफ' लिहिले आहे हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. व्याजाचा प्रश्न स्वतंत्र आहे, त्यात आज शिरत नाही. पण घेतलेले मुद्दल हे दुसऱ्याचे आहे.

रमजानमध्ये दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : एखाद्या गरिबाकडचे येणे राइट ऑफ केले आणि तेवढी रक्कम जकातीत धरली तर चालेल का? बहुसंख्य फकीहांचे मत नाही असे आहे. जकातीची रक्कम घेणाऱ्याच्या ताब्यात जावी लागते, वहीतल्या ओळीने कोणाच्या हातात काही पडत नाही. काही विद्वानांनी याला परवानगी दिली आहे, पण ते मत अल्पसंख्य आहे. हनफी ग्रंथांत मार्ग सांगितला आहे तो असा की जकात त्या गरजूच्या हातात द्यावी, तो तिचा मालक व्हावा, आणि मग त्याने त्यातून आपले कर्ज फेडावे. शाफई मताचे आमचे कोकणातील बांधव आणि हनफी मताचे देशावरचे बांधव यांनी आपापल्या आलिमांकडून तपशील विचारून घ्यावा. आम्ही एवढेच नजरेस आणतो की वर्षानुवर्षे बुडालेली, आशा सोडलेली उधारी ऐन रमजानमध्ये आठवून ती जकात म्हणून वजा टाकणे, हा हिशेब ज्यांच्या डोक्यात येतो त्यांनी तो आधी कोणाला तरी विचारावा.

आमच्या इचलकरंजीच्या मित्राचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. नोटीस घेऊन ते शाखेत गेले. मुलालाही सोबत नेले. अधिकाऱ्याने त्यांना नीट बसवून सांगितले की राइट-ऑफ झालेले कर्ज बँकेलाही मिटवूनच हवे असते, अशा वेळी तडजोडीला जागा असते. अर्ज केला. रक्कम ठरली, मूळ मागणीपेक्षा बरीच कमी. तीन महिन्यांत तीन हप्ते. पत्र हाती आले तेव्हा मुलाने ते तेथेच उभे राहून शब्द न् शब्द वाचले. 'फुल अँड फायनल सेटलमेंट' हे शब्द होते, पण शेवटचा हप्ता भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट मिळेल हे वाक्य नव्हते. ते त्याने मागून घालून घेतले. तडजोडीनंतर तीच बँक निदान बारा महिने नवे कर्ज देणार नाही हेही त्यांना सांगण्यात आले. दोन मागांचे सुटे भाग विकून पहिला हप्ता गेला, दुसरा मजुरीतून गेला. तिसरा बकरी ईदनंतर भरायचा आहे.